पौषातलं ऊन आणि मंगलाबाईंची तेलाची वाटी

सुरतेजवळ उधन्याला स्टेशनामागच्या गल्लीत उत्तरायणाच्या दिवशी पहिला पतंग चढायच्या आधी मंगलाबाई गच्चीवर चढत. हातात ना फिरकी, ना तिळगुळाचा डबा. खांद्यावर धुतलेल्या पांढऱ्या फडक्यांची चवड. जो जिन्यातून वर येईल त्याच्या हातात एक फडकं. "कान झाक. मान झाक. बाह्या खाली घे. आणि बारा वाजले की सावलीत ये, पतंग काही बाळंत होत नाहीये!" शेजारचे गुजराती त्यांना 'छत्रीवाळां मासी' म्हणत, आणि हसत हसत का होईना, फडकं बांधत.

नव्या माणसाला वाटे, या बाईचं उन्हाशी सात जन्मांचं वैर असावं. जुन्यांना ठाऊक होतं, की एकोणसत्तर सालच्या संक्रांतीपर्यंत हीच बाई लोकांना दंडाला धरून उन्हात नेऊन बसवत असे.

म्हणजे उन्हाळ्यातल्या उन्हाची त्यांना धास्तीच होती. चैत्र लागला की नवऱ्याच्या खिशात कांदा, पोराच्या डब्यात पन्हं. पण दसरा झाला, सुरतेच्या हवेत जरा गारवा आला, की त्यांच्या लेखी सूर्यच बदलत असे. त्यांचं शास्त्र असं, की कार्तिकात सूर्यनारायण थकतो, मार्गशीर्षात झोपी जातो आणि पौषात पुन्हा तान्हा होतो. "तान्ह्या लेकराचा कुणाला चटका बसतो का?" त्या विचारत. कुणी डोक्यावर पदर घेऊन निघाली, तर हटकत, "अगं, पौषातलं ऊन म्हणजे देवाचा प्रसाद. प्रसादाला कुणी छत्री लावतं का?"

या शास्त्राला घरात एकच विरोधक होता, तो म्हणजे त्यांचा नवरा. सुपडूअण्णा टपाल वाटत. वीस वर्षं उधन्याच्या गल्ल्या त्यांनी सायकलवरून आणि पायी पालथ्या घातल्या होत्या. बारा महिने डोक्यावर खाकी टोपी, आणि टोपीच्या मागून मानेवर सोडलेला ओला रुमाल. थंडीतही रुमाल पाहून मंगलाबाईंचं डोकं फिरे.

"अहो, लोक हसतात. पौषात कोण मान झाकतं?"

"ऊन ते ऊन," अण्णा सायकल पुसत म्हणत. "ते काय कॅलेंडर बघून येतं?"

"तुम्हाला देवाधर्मातलं कळत नाही."

"नाही कळत," अण्णा कबूल करत, आणि रुमाल ओला करायला नळावर जात. वीस वर्षांत त्यांनी वाद एकदाही जिंकला नव्हता आणि रुमाल एकदाही सोडला नव्हता.

त्या वर्षीचा पौष मंगलाबाईंना फार मोलाचा होता. त्यांचा एकुलता एक अशोक सव्वीस वर्षांचा झाला होता. चलथाणच्या साखर कारखान्यात कारकून. सकाळच्या गाडीने जायचा, दिवसभर पत्र्याखाली बसून उसाच्या गाड्यांच्या पावत्या फाडायचा, दिवेलागणीला परत. ऊन त्याला दिसत असे ते फक्त खिडकीतून. त्यामुळे पोरगा कोबीच्या आतल्या पानासारखा राहिला होता. तरीही तीन स्थळं हातची गेली होती. एक पत्रिकेवरून, एक त्याच्या चष्म्यावरून, आणि तिसरं का गेलं ते कुणी सांगितलंच नाही.

चौथं स्थळ कारखान्यातल्या हिलालमामांनी आणलं. हिलालमामा बॉयलरवर होते, अंमळनेरकडचे. त्यांची भाची उज्ज्वला मॅट्रिक झालेली होती, वडील नव्हते, आजीने वाढवलं होतं. आजी नातीला घेऊन चलथाणला येणार, महिनाभर राहणार. मंगलाबाईंनी स्वतःच्या अक्षरात पत्र पाठवलं होतं, 'मुलगा गोरा, निर्व्यंग, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही.' सोबत स्टुडिओतला फोटो. पौषात बघाबघी नको, असं दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांचं एकमत झालं. पौष शनिवारी संपत होता. म्हणून माघाच्या पहिल्याच दिवशी, रविवारी, एकोणीस जानेवारीला चलथाणला मामांच्या घरी बघायचं ठरलं.

आणि हे स्थळ जमावं म्हणून मंगलाबाईंनी पौषातले सगळे रविवार अळणी धरले होते. पहाटे स्नान, दारात सूर्याची रांगोळी, तांब्याच्या कलशातून अर्घ्य, दिवसभर मिठाचा कण नाही. "नारायणा," त्या हात जोडून सांगत, "एवढ्या पोरावर तुझी दृष्टी पडू दे."

पडली, ती मंगळवारी, संक्रांतीला.

खानदेशात संक्रांत घरात होते. भोगीला तिळाचं तेल अंगाला लावायचं, तीळ वाटून अंघोळ करायची, बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी खायची. 'न खाई भोगी तो सदा रोगी.' दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच स्नान, तिळगूळ, पुरणपोळी, हळदीकुंकू. सुरतेची तऱ्हा उलटी. इथे तेलाचं कुणी नाव काढत नाही, पण उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत अख्खं शहर गच्चीवर उभं, मान वर, तोंड आभाळाकडे. खानदेशातला माणूस तेल लावून सावलीत बसतो. सुरतेचा माणूस कोरड्या अंगाने उन्हात उभा राहतो. दोघांचंही बरं चालतं. मंगलाबाईंच्या घरात त्या दिवशी दोन्ही रीती एकाच पोरावर झाल्या.

तेल तर अंगभर लावलंच, पण स्नान झाल्यावर मंगलाबाईंच्या लक्षात आलं, की वारा झोंबरा आहे. पाच दिवसांवर बघणं आलंय, पोराचे गाल उलले तर? म्हणून तोंडाला, मानेला, हातांना तिळाच्या तेलाचा आणखी एक हात दिला. अशोक अर्ध्या बाह्यांचा सदरा घालून वर गेला. शेजारच्या छगनभाईंनी त्याला आपला काळा गॉगल दिला.

बारा वाजता मंगलाबाई वाटी घेऊन वर गेल्या. तेल वाळलं होतं.

"आई, पुरे," अशोक दोर ढिला सोडत म्हणाला. "जळजळतंय."

"वारा आहे तो. तोंड इकडे कर."

"पेच लागलाय, आई!"

"तुझं तोंड मोकळं आहे ना?"

छगनभाईंनी पलीकडच्या गच्चीवरून ग्वाही दिली, "मासी बराबर कहे छे. शियाळानो तडको, कंई नई थाय!" थंडीचं ऊन, काही होत नाही. खुद्द छगनभाई मात्र पाण्याच्या टाकीच्या सावलीत खुर्ची टाकून बसले होते, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. 'काइपो छे!', म्हणजे 'कापला!', अशा आरोळ्या उठत होत्या, ताटातून उंधियू आणि जिलेबी फिरत होती. दीड वाजता मंगलाबाई पुन्हा आणि तीन वाजता तिसऱ्यांदा वाटी घेऊन वर गेल्या.

संध्याकाळी अशोकने गॉगल काढला आणि छगनभाईंच्या हातातली फिरकी गळून पडली.

"अरे, आ तो टामेटा थई ग्यो!"

चेहरा टोमॅटोसारखा लाल आणि डोळ्यांभोवती दोन पांढरीफेक वर्तुळं. घुबड उलट्या रंगात काढलं, तर तसं दिसेल. हात कोपरापर्यंत लाल, वर दुधासारखे. अण्णांनी टपालाची पिशवी खुंटीला अडकवली, पोराला खाली-वर न्याहाळलं आणि म्हणाले, "तळलंस की गं त्याला."

"दृष्ट लागलीय," मंगलाबाई म्हणाल्या. मीठमोहऱ्या ओवाळल्या. चुलीत टाकल्यावर मोहऱ्या चांगल्या तडतडल्या, म्हणजे दृष्टच.

बुधवारी त्यांनी सायीत लिंबू पिळून लावलं. अशोक उडाला तो थेट न्हाणीत. गुरुवारी बेसन-हळदीचं उटणं. लालावर पिवळं चढून पोरगा शेंदरी झाला, आणि हळद काही केल्या उतरेना. त्याच अवतारात तो कारखान्यात गेला. गाडीवानांनी त्याच्या खिडकीसमोर बैल थांबवले आणि एकाने मनोभावे हात जोडले, "आमच्या गावचा मारुती नोकरीला कधी लागला?"

"तू काही लावू नकोस," अण्णा म्हणाले. "गार पाण्याची पट्टी ठेव. ताक पाज. उन्हात सोडू नकोस. बाकी कातडीला तिचं काम करू दे."

"रविवारपर्यंत?"

"कातडीला रविवार-सोमवार कळत नाही."

शनिवारी अमावास्या. त्या रात्री मंगलाबाईंनी देवासमोर बसून पहिल्यांदाच जरा आवाज चढवला. "अळणी मी खाल्लं आणि मीठ माझ्या पोराला लावलंस? दृष्टी पडू दे म्हटलं होतं, इतकी नव्हती रे पाडायची!" रविवारी सकाळी अशोकच्या नाकाची साल निघायला लागली.

आता काय करणार? मंगलाबाईंनी पावडरचा डबा काढला आणि निम्मा त्याच्या तोंडावर रिकामा केला. गाडीत चलथाणपर्यंत त्या त्याला उन्हाच्या बाजूच्या खिडकीपासून दूर, स्वतःच्या आणि अण्णांच्या मध्ये धरून बसल्या होत्या. जसं काही मडकं फुटल्यावर ते जपून काही उपयोग होणार होता.

हिलालमामांच्या घरी सतरंजी अंथरलेली होती. अंगणात गुळमट वास होता, गाळपाच्या दिवसांत चलथाणला सगळीकडे असतो तसा. मधोमध पाटावर आजी, सुभद्राबाई, पाठीचा ताठ कणा, नाकात नथ, नजर घारीची. तिने अशोककडे पाहिलं. मग हातातल्या फोटोकडे पाहिलं. मग पुन्हा अशोककडे.

"हिलाल," ती आपल्या अहिराणीत म्हणाली, "हाऊ फोटो कोणा शे?" हा फोटो कुणाचा आहे?

हिलालमामांना घाम फुटला. घाम अशोकलाही फुटला. पावडरीतून ओघळ निघाले, आणि नाकावरची साल कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटून वाऱ्यावर हलायला लागली. सगळ्यांचे डोळे त्या सालीवर. उज्ज्वला पोह्यांचं ताट घेऊन आली, तिचेही. सावळी, ठेंगणी, चुणचुणीत. ओठ घट्ट मिटून ती भिंतीकडे बघत राहिली, पण खांदे हलत होते.

"बाही वर कर, भाऊ," आजीने हुकूम सोडला.

अशोकने बाही वर केली. कोपराखाली तांबडा, कोपराच्या वर गोरा.

"चालीसन दखाड."

अशोक चालून दाखवू लागला. आजवर मंगलाबाईंनी तीन मुलींना चालून दाखवायला लावलं होतं. एकीला तर वेणीसुद्धा सोडायला लावली होती. आता आपला पोरगा सतरंजीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालताना पाहून त्यांना कानकोंडं झालं.

"हाऊ दोन रंगना कसा काय?" आजी हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "डोयाभवतं धवळं. कातडीना काही रोग शे का? खरं सांगा. मन्ही पोरले बाप नही, माले इचारनं पडी."

पोरीला बाप नव्हता, आजीला विचारणं भागच होतं. डोळ्यांभोवती पांढरं, कातडीचा रोग. असा शब्द एकदा बाहेर पडला, की चलथाणहून अंमळनेरला आणि अंमळनेरहून अख्ख्या खानदेशात जायला त्याला तिकीट लागत नाही. मग चौथं काय, पाचवं आणि दहावं स्थळही गेलं. मंगलाबाईंच्या जिभेवर 'दृष्ट' हा शब्द तयार होता. सोयीचा शब्द, त्यात कुणाची चूक नसते. त्यांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णा मांडीवर टोपी ठेवून खाली बघत होते.

"रोग नाही, आजीबाई," मंगलाबाई म्हणाल्या. "तेल आहे. मी लावलं. तिळाचं. संक्रांतीला दिवसभर पतंग उडवत होता आणि मी तीन वेळा वर जाऊन लावलं. उन्हाने भाजलाय तो. मी भाजला."

आजीने डोळे बारीक केले. "थंडीना ऊनमा कोणी भाजस का?"

हा मंगलाबाईंचाच प्रश्न होता, त्यांच्याच सुरातला. पंचवीस वर्षं त्यांनी तो लोकांना विचारला होता, आणि याला उत्तर नसतं अशी त्यांची खात्री होती.

"भाजतं," त्या म्हणाल्या. "मलाही वाटायचं, नाही भाजत. वारा गार असतो, म्हणून कळत नाही. ऊन आपलं काम करतच असतं. ह्यांनी वीस वर्षं सांगितलं, मी ऐकलं नाही."

अण्णांनी मान वर केली. वीस वर्षांत हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा ऐकलं होतं. ते इतके गांगरले, की टोपी मांडीवरून पोह्यांत पडली. ती उचलताना वाकलेल्या अण्णांची मानही सगळ्यांना दिसली. अठ्ठेचाळिशीच्या टपालवाल्याची मान, पण सावलीत बसणाऱ्या वाण्यासारखी नितळ.

"हाई टपालवालानी मान शे?" आजीने विचारलं.

"ओल्या रुमालाची," अण्णा म्हणाले. "बारा महिने."

तेव्हा उज्ज्वला पहिल्यांदा बोलली. "आजी, पौषात कापूस वेचायला जाताना तू मला डोक्यापासून नाकापर्यंत फडकं बांधायला लावतेस ना?"

"ते थंडीना करता!"

"कशाकरता का असेना, माझं नाक जागेवर आहे." मग ती अशोककडे वळली. बघायला आलेल्या मुलाला मुलीने प्रश्न विचारायचा, ही काही रीत नव्हे. पण मुलाने चालून दाखवल्यावर रीतीचं असं उरलं होतं काय? "जळजळलं असेल, तेव्हा तुम्ही 'नको' नाही म्हणालात?"

"म्हणालो," अशोक म्हणाला. साल हलली. "पण आई तीन जिने चढून आली होती."

"तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा."

"मग मी टोपी घाला म्हटलं, तर घालाल?"

"घालीन."

"पेच लागलेला असला तरी?"

खोटं बोलायची अशोकला सवय नव्हती. "पेच झाल्यावर लगेच," तो म्हणाला. उज्ज्वला हसली ती ताट घेऊन आत पळाली, आणि आतून हसण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

आजी मात्र कच्च्या गुरूची चेली नव्हती. "रथसप्तमीले मी तुमना घर येसू," ती म्हणाली. "साल पडी जाई. खाले काय निंघस ते दखसू. मंग बोलसू." साल पडल्यावर खाली काय निघतं ते पाहू, मग बोलू.

ते दिवस मंगलाबाईंनी कसे काढले, ते त्यांनाच ठाऊक. तेलाची वाटी फडताळात सगळ्यात वर, पालथी. पोराच्या तोंडावर गार पाण्याची पट्टी, पोटात ताक, आणि स्टेशनापर्यंत डोक्यावर अण्णांची पावसाळी छत्री. जानेवारीत छत्री! गल्ली हसली. "मासी, वरसाद आवे छे?" छगनभाईंनी पाऊस येतोय का म्हणून विचारलं. "येईल," मंगलाबाई म्हणाल्या, "आणि तुम्ही टाकीच्या सावलीत असाल, हे मला आता कळलंय." साल ओढायला अशोकचे हात शिवशिवत. त्या त्याच्या हातावर चापट मारत. रोज सकाळी त्या त्याला दारात उभं करून नाक तपासत, जसं कुणी दूध नासलंय का ते पाहावं.

रथसप्तमीला सुभद्राबाई सकाळच्या गाडीने आली, नातीला आणि हिलालमामांना घेऊन. दारात सूर्याचा रथ काढलेला, मधोमध गोवऱ्यांवर बोळक्यात दूध. मंगलाबाई कलश घेऊन अर्घ्याला उभ्या होत्या. पदर कपाळावरून थेट भुवयांपर्यंत ओढलेला. मागे अशोक हात जोडून उभा, पूर्ण बाह्यांचा सदरा, आणि डोक्यावर अण्णांनी धरलेली उघडी काळी छत्री.

आजी उंबऱ्याशी थबकली. "सूर्यदेवनापुढे छत्री?"

मंगलाबाईंनी अर्घ्य पूर्ण सोडलं. मग वळून म्हणाल्या, "आजीबाई, प्रसाद ओंजळीत घ्यायचा असतो. डोक्यावर ओतून घ्यायचा नसतो. मला हे उशिरा कळलं."

दूध उतू गेलं, पूर्वेकडे, शुभ. आजीने अशोकची हनुवटी धरून त्याचं तोंड सावलीत वळवलं. नाक गुलाबी, नवंकोरं. वर्तुळं पुसट झालेली. तिने गालाचा चिमटा काढला. अशोक ओरडला.

"रोग नही," आजीने निकाल दिला. "कवळं शे."

लग्न वैशाखात झालं, खानदेशात, भर उन्हात. नवरदेवाच्या मुंडावळ्यांखाली ओला रुमाल होता. तो कुणी ठेवला, यावर सासू-सुनेचं पुढे बरीच वर्षं एकमत झालं नाही. भोगीचं तेल मंगलाबाईंनी सोडलं नाही, रीत ती रीत. फक्त ते धुऊन, पुसून, कोरडं करूनच कुणाला जिन्यावर पाऊल ठेवू देत. आणि पौषातल्या रविवारी अळणी खाताना त्या देवाला आता फार मोघम काही मागत नसत. "दृष्टी असू दे," म्हणत, आणि घाईघाईने जोडत, "जरा लांबून."